नव्या लॅपटॉपला एकच सी ठेवू की डी वेगळा काढू? (घरून डीटीपीचं काम आहे)

अक्षरजुळणी, वाई

नमस्कार मंडळी,

शनिवारी नवा लॅपटॉप आणला. ५१२ जीबी एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क), १६ जीबी रॅम, विंडोज ११. उघडून बघते तर नुसता सी ड्राइव्ह, ४७५ जीबीचा. दुकानदार म्हणाला, "ताई, परवा घेऊन या, सी-डी-ई पाडून देतो, ३०० रुपये होतील." पुण्यातला भाचा म्हणतो, "मावशी, एसएसडीला कोणी पार्टिशन करत नाही, तुकडे पाडत नाही आता, आहे तसं राहू दे." दोघंही माझ्या भल्याचंच सांगताहेत, पण माझा निर्णय होत नाही.

मी २२ वर्षं घरून डीटीपी, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी आणि पानांची मांडणी, करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, वर्षाकाठी एखाददुसरं पुस्तक. पेजमेकर आणि कोरल अजून चालू आहे, कारण जुन्या गिऱ्हाइकांच्या फाइली त्यातच आहेत. नवीन काम इनडिझाइनमध्ये. फॉण्ट बहुतेक श्रीलिपीचे (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर), युनिकोड (कुठल्याही मशीनवर वाचता येणारी अक्षरपद्धत) आता आता वाढतंय.

जुना पीसी २०१२ चा, ५०० जीबीची हार्ड डिस्क. त्यावेळी जोडून देणाऱ्याने सी १०० चा केला आणि उरलेल्याचे डी, ई, एफ असे तीन तुकडे. सीची पट्टी गेली सहा वर्षं लाल आहे. दर महिन्याला काहीतरी उडवत बसते, आणि शेजारी एफमध्ये ९० जीबी मोकळे. डी भरला म्हणून पुढचं काम ईमध्ये टाकलं, त्यामुळे एकाच पतसंस्थेचा २०१६ चा अहवाल डीत आणि २०१७ चा ईत. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना तीन ड्राइव्ह धुंडाळायचे म्हणजे घाम फुटतो.

तरी पार्टिशन नको असं म्हणवत नाही, त्याचं कारण सांगते. २०१८ च्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, पीसी चालूच होईना. दुरुस्तीला आलेल्या मुलाने सी फॉरमॅट केला. "डीला हात लावला नाही ताई, काळजी करू नका," म्हणाला, आणि खरंच डी, ई, एफ जसेच्या तसे होते. पण चालू काम मी कायम डेस्कटॉपवर ठेवायची. डेस्कटॉप सीमध्ये असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका निवृत्त शिक्षकांचं आत्मचरित्र होतं, १६४ पानं, पहिलं प्रूफ वाचून झालेलं. ते गेलं. डीमधल्या जुन्या फाइली उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा सडा, कारण फॉण्टही सीबरोबर गेले होते. फॉण्ट दोन दिवसांत पुन्हा टाकले, अक्षरं परत आली. पुस्तक परत आलं नाही. प्रूफाचे कागद समोर ठेवून १९ रात्री पुन्हा टाइप केलं. ते गुरुजी मला एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

म्हणून विचारते. पार्टिशनने माझं काम खरंच सुरक्षित राहतं का? एसएसडी त्याने मंद होते की लवकर झिजते? आणि करायचंच तर सीला किती ठेवायचं? जुना सगळा डेटा मिळून १८० जीबी आहे, तो इकडे आणायचाय.

---

रात्रपाळी, पिंपरी-चिंचवड

ताई, तुमचा भाचा बरोबर सांगतोय. ही सवय कुठून आली ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

विंडोज ९५ च्या सुरुवातीच्या काळात डिस्कवर फॅट १६ नावाची मांडणी असायची. तिला एका पार्टिशनमध्ये २ जीबीच्या पुढे जाताच येत नव्हतं. ४ जीबीची डिस्क आणली तर निदान दोन तुकडे करावेच लागत. १९९६ मध्ये फॅट ३२ आलं, पुढे घरोघरी एनटीएफएस आलं, ती मर्यादा संपली. हात मात्र तुकडे पाडत राहिले.

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्या बाहेरच्या कडेला वाचन जास्त वेगाने होतं. सी सुरुवातीला येतो म्हणजे त्या वेगवान भागात बसतो, तेव्हा त्याला तेवढा तरी अर्थ होता. एसएसडीत तबकडीच नाही. आतला कंट्रोलर लिहिण्याचा भार सगळ्या चिपवर वाटत राहतो. तुम्ही सी आणि डी म्हणता ती फक्त वरची आखणी. म्हणून पार्टिशनने एसएसडी मंद होत नाही, झिजत नाही आणि वेगवानही होत नाही.

तोटा मात्र तुम्ही स्वतःच लिहिलाय: सी लाल आणि एफ ओस. शिवाय एकाच पार्टिशनमध्ये फाइल इकडची तिकडे केली की नुसता पत्ता बदलतो, क्षणात होतं. सीमधून डीत टाकली की ती अख्खी पुन्हा लिहिली जाते.

डॉक्युमेंट्समध्ये 'काम' नावाचं एक फोल्डर करा, आत गिऱ्हाईकवार फोल्डर. विंडोज बिघडलं तर सेटिंग्जमध्ये रिसेट आहे, तिथे 'फाइली ठेवा' हा पर्याय निवडला की प्रोग्रॅम जातात आणि फाइली राहतात. भिंत घालायची गरजच पडत नाही.

---

दुरुस्तीवाला, सांगली

मी १९९८ पासून या धंद्यात आहे. वर भाऊंनी लिहिलंय त्यातलं एसएसडीचं सगळं खरं आहे, त्यात दुरुस्ती नाही. पण ताई, तुमच्या घरी मशीन बंद पडल्यावर कोण येणार याचा विचार करा. येणाऱ्या पोराकडे पाऊण तास असतो, बाहेर आणखी तीन गिऱ्हाइकं खोळंबलेली असतात. मशीन चालूच होत नाही म्हटल्यावर तो पेनड्राइव्ह लावतो, यादीतून सी निवडतो, फॉरमॅट मारतो. रिसेट, फाइली ठेवा, हे तो बघत बसत नाही. डी दिसला तर मात्र त्याला हात लावत नाही. आमच्या धंद्यातला हा न लिहिलेला नियम आहे, आणि २०१८ मध्ये त्यानेच तुमचा बाकीचा डेटा वाचवला.

म्हणून माझं मत: डी करा. एकच करा. ई आणि एफ अजिबात नको.

सीला हात सैल सोडून द्या. मायक्रोसॉफ्ट विंडोज ११ साठी किमान ६४ जीबी सांगतं, त्या आकड्यावर जाऊ नका. प्रोग्रॅम, दर महिन्याचे अपडेट, इनडिझाइनची तात्पुरती साठवण, सगळं सीमध्येच वाढतं. तुम्ही प्रोग्रॅम डीमध्ये टाकलात तरी त्याची बरीच पिलावळ सीच्या युजर फोल्डरमध्येच बसते. तुमच्या कामाला सी २०० जीबीच्या खाली नको. आणि हे पहिल्याच वेळी नीट करा, कारण डिस्क मॅनेजमेंटमधून सी वाढवायचा तर त्याच्या लगेच उजवीकडची जागा मोकळी लागते. तिथे डी बसला की आधी डी रिकामा करून उडवावा लागतो, तेव्हा कुठे सी सरकतो. तुमच्या जुन्या पीसीचा सी लाल राहिला तो यामुळेच. एफ मोकळा होता, पण सीच्या शेजारी नव्हता.

३०० रुपये देऊ नका, घरी होतं. स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट. सीवर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. किती कापायचं ते एमबीत विचारतो. २७५ जीबी हवे तर २,८१,६०० लिहायचं. तेवढं देत नसेल तर घाबरू नका. सीच्या मधोमध काही फाइली अशा बसलेल्या असतात की विंडोज चालू असताना त्या हलत नाहीत, त्यांच्या अलीकडे कापता येत नाही. जेवढं देईल तेवढं घ्या. मोकळी जागा काळी दिसेल, तिच्यावर राइट क्लिक करून नवीन व्हॉल्यूम, एनटीएफएस, आणि नाव 'काम' द्या. उद्या कुणी परका माणूस फॉरमॅटला बसला तर यादीत ते नाव बघून त्याचा हात थांबेल. सीच्या आजूबाजूला काही शे एमबीचे एकदोन छोटे तुकडे दिसतील, एक मशीन चालू होण्यासाठी, एक दुरुस्तीसाठी. ते उडवायचे नाहीत.

आता तुमचं पुस्तक ज्यामुळे गेलं ते. डी केला आणि काम डेस्कटॉपवरच ठेवलं तर २०१८ पुन्हा होईल. डीमध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स अशी तीन फोल्डर करा. मग मूळ डेस्कटॉप फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि डीमधलं फोल्डर दाखवा. तिन्हींचं असंच. दिसायला काही बदलत नाही, तुमची सवयही बदलायला नको, पण फाइल पडते डीवर. वनड्राइव्हचा (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण) बॅकअप चालू असेल तर डेस्कटॉप आधीच त्याच्या फोल्डरमध्ये गेलेला असतो, तो आधी बंद करून मग हे करा.

फॉण्टचं कुणीच सांगत नाही म्हणून मी सांगतो. फॉण्ट विंडोजच्या नाहीतर युजर फोल्डरमध्ये जातात, म्हणजे सीमध्येच. जुने मराठी फॉण्ट युनिकोड नाहीत, त्यामुळे फाइल सुखरूप असली तरी फॉण्टशिवाय ती वाचता येत नाही. डीमध्ये 'फॉण्ट' नावाचं फोल्डर, त्यात तुमच्याकडचे सगळे फॉण्ट आणि सॉफ्टवेअरची इन्स्टॉल फाइल, आणि परवान्याची की वहीत. इनडिझाइनचं काम संपलं की पॅकेज करून ठेवा, बहुतेक फॉण्ट आणि चित्रं त्याच फोल्डरात गोळा होतात. आणि प्रत्येक पक्क्या कामाची फॉण्ट आत घेतलेली पीडीएफ. दहा वर्षांनी पेजमेकर चालो न चालो, ती उघडेल.

आणखी एक, आणि हे मी मनापासून सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आमच्या पेठेत शिरलं. पाणी उतरल्यावर लोक डिस्क घेऊन माझ्याकडे येत होते, पिशवीत, डब्यात, एक जण तर धोतरात गुंडाळून. हिशेबनीस, छापखानेवाले, फोटोग्राफर. प्रत्येक जण सांगायचा, "डीमध्ये ठेवलं होतं हो, सीमध्ये काही नव्हतं." ताई, सी आणि डी एकाच डबीत असतात. हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून गढूळ पाणी आत गेलं की गाळ तबकडीवर बसतो. बऱ्याच जणांनी डिस्क उन्हात वाळवून चालू करून बघितल्या होत्या, त्या तिथेच संपल्या. न वाळवता, चालू न करता आणलेल्या होत्या त्यांतल्या थोड्या मी मोठ्या शहरात डेटा काढणाऱ्यांकडे पाठवल्या. एका छापखानेवाल्याचं मात्र सगळं शाबूत होतं. दर दिवाळीला तो पोर्टेबल डिस्कवर कॉपी करून विट्याला बहिणीच्या कपाटात ठेवायचा. दिवाळीनंतरचे नऊ महिने गेले, त्याआधीची १४ वर्षं राहिली. डी फॉरमॅटपासून वाचवतो. पाणी, चोरी, पडणं, डिस्क मरणं यांपासून नाही.

---

निवृत्त मास्तर, नाशिक

कापायच्या आधी एक बघून घ्या बाई. हल्लीच्या विंडोज ११ लॅपटॉपवर डिस्कला कुलूप लागलेलंच येतं. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डिव्हाइस एन्क्रिप्शन, इथे चालू आहे का पाहा. चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की असते, ती बहुतेक मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा होते. ज्या खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या खात्यात. माझा लॅपटॉप लेकीने तिच्या खात्यावर सुरू करून दिला होता. एकदा निळ्या पडद्यावर की मागितली तेव्हा रात्री अकराला तिला फोन करून ४८ आकडे एकेक करून लिहून घेतले.

तुमच्या बाबतीत महत्त्वाचं असं की नवीन डीलाही हे कुलूप लागू शकतं, आणि त्याची की वेगळी असते. उद्या कुणी सी फॉरमॅट केला तर डी जागेवर दिसेल, पण की दिल्याशिवाय उघडणार नाही. दोन्ही कागदावर लिहा, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

---

रिकामा टर्मिनल, नागपूर

मी लिनक्सवाला, विंडोजऐवजी ती प्रणाली वापरतो. आमच्याकडे होम (आपल्या फाइलींचं फोल्डर) वेगळं पार्टिशन ठेवायची पद्धत जुनी आहे. उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) तीनदा नव्याने टाकलं, होम तसंच राहिलं, सेटिंगसकट. त्यामुळे दुरुस्तीवाले दादांच्या बाजूने माझं मत. पार्टिशनने एसएसडी झिजत नाही हे मान्य, पण कुठलीच पूर्ण भरू नका. १५-२० टक्के मोकळी राहिली की वेग टिकतो, आणि ते सी-डी मिळून मोजायचं.

---

रात्रपाळी, पिंपरी-चिंचवड

दादा, मी ज्या ऑफिसात काम करतो तिथे फॉरमॅट करणारेही आम्हीच असतो, त्यामुळे बाहेरून कोण येणार हा प्रश्न मला पडलाच नाही. ताईंच्या परिस्थितीत एक डी योग्य आहे, मी मत बदलतो.

फक्त एक भर. सीमधल्या फाइलीची कॉपी डीत ठेवून तिला बॅकअप म्हणू नका. एसएसडी जाते तेव्हा बऱ्याचदा आधी खरखर नाही, कुरकुर नाही, सकाळी डिस्क दिसतच नाही. आणि चुकून डिलीट झालेलं हार्ड डिस्कवरून सॉफ्टवेअरने पुष्कळदा निघतं, एसएसडीवर मात्र मोकळी झालेली जागा विंडोज कंट्रोलरला लगेच कळवतं आणि तो ती साफ करून टाकतो, नंतर काही हाती लागत नाही. त्यामुळे १ टीबीची पोर्टेबल डिस्क घ्याच. ती ९३१ जीबी दाखवेल, फसवणूक समजू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. कॉपी झाली की केबल काढून ठेवा. लावलेली राहिली तर लॅपटॉपला लागलेला व्हायरस तिलाही लागतो.

---

अक्षरजुळणी, वाई

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण एकेक करत गेले.

मास्तर, एन्क्रिप्शन चालू होतं. दुकानात भाच्याचं खातं टाकून सुरू केलं होतं, की त्याच्याकडे निघाली. तुमच्या सांगण्याने कापायच्या आधीच लिहून घेतली. डी झाल्यावर त्याचंही कुलूप तपासलं, लागलेलं होतं, त्याची की वेगळी लिहिली. दोन्ही कागद घराच्या कागदपत्रांच्या पेटीत आहेत.

दुरुस्तीवाले दादा, श्रिंकला मला २,८१,६०० दिले नाहीत, २,३६,००० पर्यंतच देत होता. घेतले. आता सी २४४ आणि 'काम' २३०. जुन्या पीसीवरून डेटा आणताना नुसता ओतला नाही. डी, ई, एफमधलं गिऱ्हाईकवार एकत्र केलं. एकाच पत्रिकेच्या चार-चार प्रती निघाल्या, काही फोल्डर तर तिन्ही ड्राइव्हमध्ये होती. १८० चे १३८ जीबी झाले. पतसंस्थेचे सगळे अहवाल, २००९ पासूनचे, पहिल्यांदाच एका फोल्डरात ओळीने दिसताहेत.

डेस्कटॉप हलवला. खात्री करायला डेस्कटॉपवर एक रिकामी फाइल केली आणि डी उघडून बघितली. होती तिथे. मग चालू असलेल्या तीन पत्रिका तिथे ठेवल्या.

फॉण्टला सगळ्यात जास्त वेळ गेला. जुन्या फाइली एकेक उघडून कुठला फॉण्ट मागते ते वहीत लिहिलं. एका फॉण्टची इन्स्टॉल फाइल माझ्याकडे आता नाहीच. तो फॉण्ट २००६ मध्ये साताऱ्याच्या एका छापखान्यातून आणला होता, त्यात चार पत्रिका आणि एका शाळेची स्मरणिका आहे. जुन्या पीसीवर अजून तो चालतो, म्हणून त्या पाचांची पीडीएफ तिथेच करून आणली.

पोर्टेबल डिस्क आली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कॉपी करून ती भावाकडे साताऱ्याला जाईल. माझंही घर कृष्णेकाठीच आहे, दादा. तुमचा तो परिच्छेद यजमानांना वाचून दाखवला, डिस्क त्यांनीच त्याच संध्याकाळी मागवली.

गुरुजींच्या पुस्तकाची दुसऱ्यांदा टाइप केलेली फाइल, तिची पीडीएफ आणि प्रूफाचे स्कॅन वेगळ्या फोल्डरात ठेवलेत. दुसरी आवृत्ती काढायची असं त्यांच्या मुलीने मागच्या महिन्यात विचारलं होतं. काल तिला होकार कळवला.

जुन्या पीसीची डिस्क पुसलेली नाही. यंदाच्या दिवाळी अंकाचं काम छापायला जाईपर्यंत तो तसाच टेबलाखाली राहील.